झेलम, साखर आणि पहिला बर्फ

दौंडात बर्फ म्हणजे कारखान्यातली लादी. पोत्यात गुंडाळलेली, सायकलच्या कॅरियरला बांधलेली आणि रसवंतीपर्यंत पोचेस्तोवर निम्मी वितळलेली. डिसेंबरातसुद्धा दुपारी स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो अशा या गावाला हिमालयाशी बांधून ठेवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे झेलम एक्स्प्रेस. पुण्याहून सुटलेली ही गाडी संध्याकाळी दौंडला यायची आणि इथं तिचं तोंड फिरायचं. पुण्याकडून आलेलं इंजिन सुटायचं, गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागायचं आणि मग ती नगर-मनमाडच्या दिशेनं निघायची. या अदलाबदलीत बराच वेळ जाई. रेल्वे क्वार्टरमधल्या आम्हा पोरांना तो पुरून उरे. सॅक चढवायच्या, दोरीची वेटोळी बाकाखाली ढकलायची, भाकरी-ठेचा बांधून आणलेल्या आयांना ‘पोचलो की पत्र टाकतो’ म्हणायचं आणि तरी एक चहा व्हायचा.

आता कॉर्ड लाइन झाली आहे. नगरकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या मुख्य स्टेशनात शिरतच नाहीत, गावाबाहेरच्या कॉर्ड लाइन स्टेशनावर काही मिनिटं टेकतात आणि पुढं जातात. इंजिन फिरवायचा वेळ वाचला. रेल्वेच्या हिशेबानं उत्तमच झालं, आणि ज्यांना रोज त्या मार्गानं जायचं त्यांच्याही हिशेबानं. पण वेळ वाचवायची ही सवय आमच्या डोंगरवाटांवरही चढून गेली आहे, आणि तिथं तिचा हिशेब वेगळा लागतो.

झेलम ही फौजींची गाडी. नगरला चिलखती दलाचं केंद्र, पारनेर-श्रीगोंदा-शिरूरच्या गावागावांतून लष्करात गेलेली पोरं आणि गाडीचा शेवट जम्मूला. डब्यात शिरावं तर पांढऱ्या रंगानं नाव-नंबर लिहिलेल्या काळ्या पत्र्याच्या ट्रंका वाट अडवून बसलेल्या. ऐंशीच्या दशकात आमचं बर्फाबद्दलचं पहिलं शिक्षण या ट्रंकांवर बसूनच झालं. काश्मीरात हिवाळे काढलेले पारनेरकडचे एक सुभेदार एकदा समोरच्या बाकावर होते. आमच्या हंटर शूजकडे आणि आईनं विणलेल्या माकडटोप्यांकडे बघून त्यांनी विचारलं, “कुठं निघालात पोरांनो?” आम्ही रोहतांगपलीकडचं काहीतरी भारदस्त नाव सांगितलं. ते म्हणाले, “जा की. पण वर बर्फ पडला तर दोन दिवस तंबू सोडायचा नाही. आमच्याकडं साहेबानं सांगितलं तरी लांगरीचा चहा दोन दिवस पिऊनच पेट्रोलिंग निघतं.” चहाचं त्यांनी थोडं वाढवून सांगितलं असणार, पण बाकीचं नाही.

दोन दिवस का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पुढं कळलं की उतारांवरचे बरेचसे हिमलोट बर्फ पडत असताना किंवा त्यानंतरच्या २४ ते ४८ तासांतच सुटतात. नवा थर खालच्या थराला धरायला वेळ घेतो. वारा असेल तर आणखी वेळ लागतो, कारण वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेच्या दुसऱ्या बाजूला नेऊन रचतो आणि तिथला उतार आभाळातून जेवढं पडलं त्याच्या कितीतरी पट ओझं घेऊन बसतो.

आमच्याजवळ माहिती किती होती? खरं सांगायचं तर नव्हतीच. मोठ्या मोहिमांसाठी हवामान खात्याचे खास अंदाज आकाशवाणीवरून दिले जात, पण आम्ही काही मोठी मोहीम नव्हतो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात. शटलनं पुण्याला कॉलेजात जाणाऱ्या दौंडकर पोरांना सिमला म्हणजे आधी त्या ऑफिसचा चौकच ठाऊक. खऱ्या सिमल्याच्या वरच्या डोंगरात उद्या काय होणार, हे कळायला वर राहणारा माणूसच लागे: मेंढपाळ, खेचरवाला, शेवटच्या गावातला दुकानदार. तो आभाळाकडं बघून ‘आज नहीं’ म्हणाला की आम्ही बसायचो. मुकाट्यानं बसायचो असं नाही, कुरकुरत बसायचो. पण बसायचो, कारण परतीचं आरक्षण बहुतेक वेळा नसेच. मिळेल त्या गाडीनं, मिळेल त्या डब्यात, दरवाज्याशी वर्तमानपत्र अंथरून परत यायचं होतं. एक दिवस उशीर झाला तर घरी तार करायची.

आणि आम्ही जायचो ते मे-जूनमध्ये, नाहीतर सप्टेंबरात. मे-जून हा कॉलेजच्या सुट्टीचा काळ, आणि वाटाही या महिन्यांतच मोकळ्या असत. मेमधला बर्फ जुना असतो. हिवाळाभर दबून, वितळून, गोठून तो घट्ट झालेला असतो. दिवसा ऊन लागलं की वरचा भाग मऊ पडतो, रात्री पुन्हा दगडासारखा होतो. त्यामुळं आमचा सगळा शहाणपणा एका नियमात मावायचा: पहाटे अंधारात निघा, उन्हं तापायच्या आत बर्फाचा उतार ओलांडा, दुपारी त्याच्या वाटेला जाऊ नका. मनालीची गिर्यारोहण संस्था १९६१ची, उत्तरकाशीची १९६५ची. तिथं महिना-महिनाभराचे कोर्स करून आलेले पुण्याचे सीनियर हाच नियम सांगत, आणि तो बरोबरच होता. मेसाठी.

आता काळ बदलला आहे असं म्हणताना मला आधी महिना बदललाय हे सांगावंसं वाटतं. आमच्या वेळी डिसेंबरात हिमालयात जाणारा माणूस एकतर फौजी असे, नाहीतर मोठ्या क्लबातला हाडाचा गिर्यारोहक. आज नाताळच्या सुट्टीत सांक्रीला केदारकंठ्यासाठी रांग लागते. साडेबारा हजार फुटांचा तो माथा, देवदार-पाइनच्या जंगलातून वाट, पहिल्याच ट्रेकमध्ये गुडघाभर बर्फ. माझा पुतण्या रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. शुक्रवारी शिफ्ट संपवून तो पुण्याहून विमानानं दिल्लीला जातो, तिथून रात्रीच्या बसनं डेहराडूनला. झेलमला दिल्ली गाठायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात हा सांक्रीत पोचून बूट भाड्यानं घेतो. मनालीकडंही तेच. रोहतांग बर्फानं बंद झाला की लाहौल पलीकडं मिटून जायचं, ते थेट उन्हाळ्यात उघडायचं. ३ ऑक्टोबर २०२० पासून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा आहे. नाश्ता मनालीत आणि जेवण सिस्सूत, तेही डिसेंबरात.

यात वाईट काही नाही. दौंड-शिरूरच्या मुली आज मैत्रिणींबरोबर बर्फात जातात. आमच्या वेळी वर्गातल्या एखादीनं राजगडाचं नाव काढलं तरी घरी बैठक बसे. पण हिवाळ्याच्या तोंडाचा बर्फ हा आमच्या मेमधल्या बर्फाचा सख्खा भाऊ नव्हे, आणि आमचा नियम त्याला लागू नाही.

होतं असं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उंचावर वीत-दीड वीत बर्फ पडतो. मग दोन-तीन आठवडे आभाळ निरभ्र. जमिनीत अजून उन्हाळ्याची ऊब असते, म्हणून तळाचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो. वरचा पृष्ठभाग मात्र रात्री उणे १५-२० पर्यंत उतरतो. एवढ्याशा जाडीत एवढा फरक, त्यामुळं तळाची वाफ वर सरकत राहते आणि वाटेतल्या कणांवर गोठत जाते. कण वाढतात, कंगोरेदार होतात आणि एकमेकांना धरणं सोडून देतात. भीमा-पाटस कारखान्याच्या गोदामात फाटल्या पोत्यातून साखर कशी सांडते हे ज्यानं पाहिलंय, त्याला हा थर वेगळा समजावून सांगायला नको. मूठ दाबली तरी त्याचा गोळा होत नाही. मग डिसेंबर-जानेवारीत मोठा बर्फ येतो आणि या साखरेवर जाड, घट्ट, एकसंध पाटी अंथरतो. वरून सगळं पांढरंशुभ्र आणि भक्कम दिसतं. कुणीतरी मधोमध जातं, खालचा थर बसतो, ‘घप्प’ असा दबका आवाज येतो आणि सबंध उतार एका तुकड्यानं निघतो.

इथं पहाटे निघून उपयोग नाही. थंडीनं ही साखर घट्ट होत नाही, उलट आणखी सुटी होते. उत्तरेकडचे सावलीचे उतार तर आठवडेच्या आठवडे तसेच राहतात. आणि बर्फ थोडाच आहे म्हणून निर्धास्त राहावं, तर नेमका पातळ बर्फच हे सगळं घडवतो. वर आणखी त्याच्याखाली दगड आणि पडलेले ओंडके झाकलेले असतात, पाय मुरगळतो तो तिथं. आमच्या पिढीतले काका-मामा पोरांना ‘सकाळी लवकर ओलांडा’ असं छातीठोकपणे सांगतात, तेव्हा ते मेमधली शिदोरी डिसेंबरात वाढत असतात.

या बर्फाला आणणारे वारे मात्र आमच्या ओळखीचे निघाले. भूमध्य समुद्राकडून येणारे हे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात हिमालयावर बर्फ टाकतात. त्यांची शेपूट कधी कधी इकडंही लागते आणि शिरूर-दौंडच्या कांद्यावर ढगाळ हवा येऊन करपा पडतो. आमच्याकडचा शेतकरी मोबाइलवर ‘विक्षोभ येतोय’ वाचून फवारणीचा पंप काढतो. त्याच बातमीनं सांक्रीतल्या पोरानं सॅक खाली ठेवायला हवी. तो ती ठेवत नाही. ताजा बर्फ पडताना दिसेल म्हणून त्याला आनंद होतो आणि फोटो पहिल्यांदा कुणाचा येणार याची चढाओढ लागते.

माहिती मात्र आता खरंच आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. १९६९ साली मनालीत लष्करी संशोधनाची बर्फ आणि हिमस्खलन अभ्यास संस्था सुरू झाली. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका संस्थेत मिसळून आता डीजीआरई या नावानं ओळखली जाते. हिवाळ्यात तिचे इशारे जिल्ह्यांच्या नावानिशी येतात: लाहौल-स्पिती, किन्नौर, चमोली, उत्तरकाशी, कुपवाडा, अमुक मीटरच्या वर, धोक्याची पातळी एक ते पाच. हे आमच्या वेळी असतं तर! पुतण्या मला हेच ऐकवतो. “काका, तुमच्या खेचरवाल्यापेक्षा हे बरं.” बरं आहेच. पण खेचरवाला ‘आज नहीं’ म्हणून थांबायचा, आणि तो थांबला की सामानही थांबे. इशारा कुणाचं सामान अडवत नाही. शिवाय तो आख्ख्या जिल्ह्याचा असतो. तुमच्यासमोरची ही एक नाळ, तिच्यावरचा हा एक बर्फाचा छज्जा, काल रात्री वारा कुठून वाहिला, हे तिथंच बघावं लागतं.

जुनं ते सगळं शहाणं होतं असं म्हणायला मी धजणार नाही. आमच्या सामानात हिमलोटासाठी म्हणून एकच वस्तू होती, लाल रंगाची बारीक लांब दोरी. धोक्याच्या उतारावर ती कमरेला बांधून मागं सोडायची. गाडला गेलात तर तिचं एखादं टोक बर्फावर राहील आणि सोबती ते धरून खणत येतील, असा हिशेब. कधी ते टोक वर राही, कधी दोरीही गडप होई. आम्ही जगलो याचं श्रेय दोरीला नाही. आम्ही मेमध्ये जात होतो, त्याला आहे.

आता छातीवर बांधायचं ट्रान्सीव्हर असतं. ४५७ किलोहर्ट्झवर ते सतत संदेश सोडतं, आणि वर राहिलेल्यानं आपलं यंत्र शोधावर टाकलं की बाण आणि अंतर दाखवत गाडलेल्या माणसापर्यंत नेतं. सोबत बर्फात खुपसायची लांब घडीची काठी आणि फावडं. तिन्ही हवीत, आणि प्रत्येकाकडं हवीत. यंत्र आहे पण फावडं नाही, तर सोबती नेमका कुठं गुदमरतोय एवढंच कळतं. आपल्याकडच्या नेहमीच्या ट्रेकमध्ये हा संच अजून क्वचितच दिसतो, मात्र ड्रोन दिसतो. स्वित्झर्लंडमधल्या जुन्या नोंदींवरून काढलेला हिशेब असा: गाडलेल्या माणसाला १५ मिनिटांच्या आत काढलं तर दहांतले नऊ जगतात, ३५ मिनिटांनंतर जेमतेम तीन. हेलिकॉप्टर यायला लागणारा वेळ यात बसतच नाही. वाचवणारा कोण, तर शेजारी चालणारा.

फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचिनच्या सोनम चौकीवर दहा जवान गाडले गेले, त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक होता. लान्स नायक हनमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, तेव्हा सगळा देश टीव्हीसमोर बसला होता. आमच्या एसआरपी कॅम्पाजवळच्या गणपतीला लोकांनी नारळ फोडले. ११ फेब्रुवारीला ते गेले. सहा दिवस ही इतकी दुर्मीळ गोष्ट आहे, की तिच्यावर कुणी भरवसा ठेवू नये.

‘आमच्याकडं ट्रेनिंग आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी ४ ऑक्टोबर २०२२ ही तारीख आहे. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्रगत कोर्स, द्रौपदी का डांडा–२ हे शिखर, सकाळची वेळ, दोराला बांधलेले प्रशिक्षणार्थी आणि त्यांच्यासोबत अनुभवी प्रशिक्षक. हिमलोट आला आणि सत्तावीस मृतदेह निघाले, दोघे तेव्हा सापडलेच नाहीत. गेलेल्यांत सविता कंसवाल होत्या, त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट चढून आलेल्या. त्याच पंधरवड्यात केदारनाथच्या मागच्या डोंगरावरून हिमलोट सुटताना यात्रेकरूंनी मोबाइलवर टिपले होते. पावसाळा सरता सरता वर बर्फ साचतो आणि खाली मात्र हिरवळ असते. ऑक्टोबर हा आमच्या दृष्टीनं ‘छान, स्वच्छ’ महिना. पण २०१८ च्या सप्टेंबरात लाहौलमध्ये अवेळी बर्फ पडून शेकडो माणसं अडकली, हवाई दलाला जावं लागलं. २०२१ च्या ऑक्टोबरात हर्सिलहून चितकुलला निघालेला गट लमखागा खिंडीच्या वाटेवर वादळात सापडला आणि त्यातले बरेच परतले नाहीत. ऋतूचं तोंड कुठं सुरू होतं, हे कॅलेंडरवर लिहिलेलं नसतं.

डोंगर अंगावर येतो म्हणजे काय, हे कळायला आमच्या जिल्ह्याला हिमालयाची गरजही पडली नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसांसकट. दौंडात त्या दिवशी नेहमीसारखी नुसती भुरभुर होती, आणि बातमी आली तेव्हा पश्चिमेकडं आपल्याच जिल्ह्यात इतका पाऊस पडतोय हे कित्येकांना खरं वाटेना.

तर पुतण्या यंदाही निघाला आहे. मी अडवत नाही; अडवणाऱ्याचं कोण ऐकतं? पण दोन संध्याकाळी त्याला समोर बसवून घेतलं. उतार मोबाइलमधल्या कोनमापकानं मोज. ३० ते ४५ अंशांतला उतार सर्वांत घातकी. वाट जंगलातून किंवा धारेवरून असेल तर तीच धर, नाळेच्या तोंडाशी जेवायला बसू नकोस. उतार ओलांडायचाच झाला तर एकेकानं. बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून बघत राहायचं, गप्पा मारत नाही. सॅकचा कमरपट्टा सोड, काठ्यांचे पट्टे मनगटातून काढ. पायाखाली ‘घप्प’ आवाज आला, शेजारच्या उतारावर नुकताच बर्फ सुटलेला दिसला, किंवा बर्फाला भेग पळत गेली, तर त्याच पावलांवर मागं. मग गाइड काय म्हणतो, बाकीचे काय म्हणतात, कुणाचा वाढदिवस माथ्यावर साजरा करायचा आहे, हे सगळं नंतर. तो सगळं ऐकत होता. मध्येच म्हणाला, “काका, हे सगळं गाइड सांगतोच.” मी म्हटलं, “सांगतो ना? मग तो थांब म्हणाला की थांबायला तुमच्याकडं दिवस किती आहेत?”

तिथं गाडी अडली. सोमवारी सकाळच्या शिफ्टला हजर राहायचं होतं. विमानाचं परतीचं तिकीट रविवारी रात्रीचं, परतावा न मिळणारं. बॅच पाच दिवसांची, माथा चौथ्या दिवशी, राखीव दिवस नाही. म्हणजे बुधवारी बर्फ पडला तरी गुरुवारी वर चढायलाच हवं, कारण शुक्रवारी उतरायचं आहे. सुभेदारांच्या दोन दिवसांना या तक्त्यात जागाच नव्हती. आमच्या झेलमच्या दोन रात्री, बसचा एक दिवस, चुकलेल्या गाडीचा आणखी एक, यांना तेव्हा आम्ही शिव्या घातल्या. त्याच दिवसांत बर्फ आपला आपण बसत होता.

शेवटी त्यानं सुपरवायझरला फोन लावला. नाताळच्या आठवड्यात आणखी दोन दिवसांची रजा म्हणजे तिकडून काय उत्तर आलं असेल ते एमआयडीसीत काम केलेल्यांना सांगायला नको. एक दिवस मिळाला. आयोजकांनी राखीव दिवसाचे वेगळे पैसे सांगितले, तंबू आणि जेवण धरून. तिकीट बदलण्याचा भुर्दंड त्याहून जास्त निघाला. वहिनींचं म्हणणं असं की हा दिवस काकांनी सुचवला, तर तिकिटाच्या फरकाची रक्कमही काकांनीच द्यावी. मी निम्मी देतो म्हणालोय, अजून ठरलेलं नाही.